प्रवासात सापाचा ‘खाद्य खर्च’ मागणाऱ्यापासून सावध

पुण्याहून लातूरला बदली झालेल्या एका कुटुंबाला मे महिन्यात असा चुना लागला. घरात सव्वा किलोचा बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा विदेशी, बिनविषारी छोटा अजगर. ‘विदेशी प्राण्यांची वाहतूक’ अशी जाहिरात करणाऱ्या एजंटानं एसी गाडीनं घरपोच ३,५०० रुपये सांगितले. टेंभुर्णी-बार्शी मार्गे लातूरला जाऊन-येऊन डिझेल आणि टोलच याच्या वर जातो, म्हणजे हा भाव गळ होता. साप ताब्यात गेला आणि मागण्या सुरू झाल्या: वन खात्याचा परवाना ४,०००, खाद्य खर्च रोज ८०० प्रमाणे तीन दिवसांचा, शेवटी ‘आजारी पडलाय, डॉक्टरांची फी’. साप दिला नाही तर काय, या धास्तीनं माणसं पैसे टाकत जातात. साप आला तेव्हा खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला, पिशवीत ओकलेला, अर्धवट पचलेला उंदीर घेऊन.

संशय यायला हवा होता तो खाद्याच्या बिलावर. साप पाळणारा कुणीही प्रवासात सापाला खायला घालत नाही. पोटातलं पचायला त्याला बाहेरची ऊब लागते. हादरे, ताण आणि कमी-जास्त तापमान यांत पचन थांबतं, उंदीर पोटातच सडू लागतो आणि साप तो ओकतो. म्हणून निघण्याआधी निदान ७ दिवस खाद्य बंद. मोठा, धडधाकट बॉल पायथन दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहतो. त्याच्या भुकेची काळजी एजंटाला वाटायचं कारण नाही.

परवान्याचंही तसंच. बॉल पायथनची नोंदणी मालकानं स्वतः केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, २०२४ च्या नियमांनुसार. कुणाच्या खासगी यूपीआयवर सरकारी फी जात नाही. प्रमाणपत्राची प्रत गाडीत ठेवा. आणि मांडूळ, धामण, अजगर असा आपल्याकडचा साप ‘कागद करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळताच येत नाहीत.

खरं तर एजंट लागतच नाही. साप आपल्याच गाडीतून न्यावा. जुनी सुती उशीची खोळ उलटी करून घ्या, म्हणजे शिवणीचे धागे बाहेर राहून खवल्यांत अडकत नाहीत. साप आत सोडून तोंडाला पीळ द्या आणि गाठ मारा. ही खोळ भोकं पाडलेल्या, क्लिपच्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, रिकामी जागा चुरगाळलेल्या वर्तमानपत्रानं भरा. पाण्याचं भांडं आत नको. ते सांडलं की ओल्या कापडातून हवा नीट खेळत नाही. पाणी निघायच्या आदल्या रात्री द्या.

डबा पुढच्या सीटमागे, खाली पायाशी, पक्का बसवून. डिकीत कधीच नाही. डब्यात २५ ते २९ अंश राहायला हवेत, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचा वायरवाला थर्मामीटर आत सोडा. एसीचा झोत थेट डब्यावर नको. मराठवाड्यातल्या मेमध्ये बाहेर ४२ असताना उन्हात उभी बंद गाडी थोड्याच वेळात साप मारते, तेव्हा रात्री ९-१० ला निघून उजाडायच्या आत पोचा. चहाला थांबलात तरी एक जण गाडीत बसू द्या, एसी चालू.

नव्या घरात सापाची राहायची टाकी आधी लावून एक दिवस चालवून बघा: गरम बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६. टाकीखालची हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणारं उपकरण) लावली तर सापाचं पोट भाजतं. लाईट जाते, त्यामुळे इन्व्हर्टरवर एक पॉइंट द्या. मग ७ दिवस साप हाताळू नका, खाद्यही नको. त्यानंतर नेहमीपेक्षा थोडा लहान, गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवून, पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करून द्या; मायक्रोवेव्हमध्ये नाही. प्रवासात ओकला असेल तर दोन आठवडे थांबा, पुन्हा ओकला तर पशुवैद्यकाकडे. जिवंत उंदीर सोडायचा मोह टाळा, घाबरलेल्या सापाला तो कुरतडतो.

एवढं वाचूनही कुणाला साप सोपवायचाच असेल, तर आधी वजन ग्रॅममध्ये नोंदवा आणि दोन्ही कुशींचे फोटो काढा. अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, ती बदलत नाही. वरच्या प्रकरणात ‘बघा, जेवतोय’ म्हणून आलेला फोटो दुसऱ्याच सापाचा होता, पण ताडून बघायला जुना फोटो घरात नव्हता. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, व्हॉइस मेसेज आणि तो खाद्याचा हिशेब पुसू नका, पोलीस तेच मागतात.