जुने गावठाण आणि नवी वसाहत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यामुळे किल्लारी परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या लेखी एकाच नावाची दोन गावे आहेत. जुन्या गावठाणातील घरांना दगड-मातीच्या दोन फुटांहून जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असे. उन्हाळ्यात आत गारवा राही, रात्री वर अंथरुणे पडत, कुरडया तिथेच वाळत, आणि शेजारी जायचे तर गल्लीत न उतरता माळवदावरूनच जाता येई. त्याच माळवदाखाली माणसे गाडली गेली, हे मात्र जुन्या गावाचे कौतुक करताना अनेकदा सांगायचे राहून जाते. नव्या वसाहतीत रस्ते सरळ, रुंद आहेत. घरे सुटी सुटी असल्याने ट्रॅक्टर सहज वळतो, पण ओसरीवरून ओसरीवर हाक पोहोचत नाही. राहण्यासाठी मी तरी नवीच जागा निवडीन. वैशाखात स्लॅब तापला की म्हातारी मंडळी लिंबाखाली बाज टाकतात. बोलणे मात्र जुन्याच गावाचे चालते.