शेकरूवरचं जोडपान: एकच मोठा फोटो की छोट्या फोटोंची मांडणी?

कॉलेजच्या वार्षिकांकात शेकरूवर दोन पानं करायची आहेत. भाचीकडे भीमाशंकरचा एक झकास फोटो आहे. तोच दोन्ही पानांवर पसरू, की छोटे फोटो, चित्रं, चौकटी मांडू, असं ती विचारत होती.

आधी फोटोचा दर्जा. ए-फोरची दोन पानं म्हणजे ४२० बाय २९७ मिलिमीटर. ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर साधारण ४९६० बाय ३५०८ पिक्सेल हवेत, वर कडेने कापायला ३ मिलिमीटर जादा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो इथे बाद. छोट्या चौकटीत खपून जाईल.

खरी गोम दोन पानांमधल्या घडीत आहे. शेकरूची शेपूट अंगापेक्षा लांब, म्हणून आडवा फोटो दोन पानांना शोभतो. पण तोंड घडीत गेलं की सगळं मुसळ केरात! चिकटवलेल्या बाइंडिंगमध्ये मधला भाग गिळलाच जातो. पिना मारलेल्या अंकाचं मधोमधचं जोडपान मात्र एकच कागद असतो, तिथे बिनधास्त पसरा. छोट्या मांडणीत घडी रिकामी सोडता येते.

मजकुराचं म्हणाल तर फोटोतल्या दाट झाडीवर छापलेली अक्षरं वाचता येत नाहीत. मेहनत मांडणीला जास्त, कारण प्रत्येक फोटोचा रंग जुळवावा लागतो. छपाईचा खर्च सारखाच.

मधलं जोडपान आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल मिळणार असेल, तर मोठा फोटो घ्या. घरटं, खाणं, अधिवास असं बरंच सांगायचं असेल किंवा फोटो मोबाइलचेच असतील, तर मांडणी.