उत्तरेकडे तोंड करून बसवलेलं सोलर: माझे 2,10,000 रुपये

नाशिककरांनो, सोलर बसवणार असाल तर आधी हे वाचा. मी सिडकोत राहतो. 3 किलोवॅटचे 2,10,000 रुपये मोजले, त्यातले 18,000 खास दक्षिणेकडे तोंड करणाऱ्या स्ट्रक्चरचे. 78,000 सबसिडी जमा झाली म्हणून मी निर्धास्त राहिलो.

फिटिंगच्या दिवशी सोलर बसवणारा ठेकेदार म्हणाला, "काका, पत्र्याला आयताच उतार आहे, वेगळं स्ट्रक्चर कशाला? वाऱ्याने हलेल." उतार उत्तरेला! बायको शेजारीच कुरडया वाळत घालत होती. ती म्हणाली, "अहो, थंडीत ऊन मागच्या बाजूने येतं ना? मग यांचं तोंड इकडे का?" मी चहाचा कप हातात धरून उभा होतो. मी तिलाच गप्प केलं. तो क्षण आठवला की झोप उडते.

पण तेव्हा कोणाला कळलं असतं? महिना मे. अ‍ॅपवर रोज 13 युनिट. नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा उत्तर काय नि दक्षिण काय, सारखंच. तोच आकडा दाखवून त्याने शेवटचे 50,000 नेले. शेवटचा हप्ता थंडीतले युनिट बघितल्याशिवाय देऊ नका.

डिसेंबरात 7 युनिट. तीनदा पॅनल धुतले, तरी 7च. शेजाऱ्याचे तेवढेच पॅनल दक्षिणेला, 20 अंश कलवलेले, त्याला 12. त्या दिवसांत सूर्य भर दुपारीही दक्षिणेला जेमतेम 47 अंश चढतो. माझ्या पॅनलवरून ऊन नुसतं घसरून जातं.

वीज कंपनीच्या कार्यालयात पाच खेपा घातल्या. "नेट मीटर चालू आहे ना? मग आमचं काम संपलं." ऑनलाइन तक्रार आठ दिवसांत 'निकाली' निघाली, छतावर कोणी चढलंसुद्धा नाही. आधी तपासणीला आलेला माणूस फोटो काढून उतरला, दिशा बघितलीच नाही. मग सबसिडी कशाची तपासणी करून देता? पोलीस म्हणाले, "पॅनल लावलेत ना? मग हा दिवाणी मामला." कोटेशनमध्ये फक्त '3 किलोवॅट' लिहिलंय, दिशा नाही, कोन नाही. तुम्ही दोन्ही लिहून घ्या, आणि फिटिंगच्या वेळी मोबाइलचं होकायंत्र स्वतः धरून बघा.

ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. ठेकेदार फोन उचलत नाही, पण पाथर्डी फाट्याकडे त्याची कामं चालू आहेत असं कळलंय. "पत्र्याला आयताच उतार आहे" असं कोणी म्हणालं, की तिथल्या तिथे काम थांबवा.