टेंडन ट्रान्सफरनंतरचा उजवा हात आणि दुचाकीचा पुढचा ब्रेक

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी आणि टेंडन ट्रान्सफर म्हणजे चालू स्नायूची ही दोरी सोडवून बंद पडलेल्या स्नायूच्या कामाला जोडणे. ज्यांना ही शस्त्रक्रिया सुचवली गेली आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट माझ्या हाताकडे वळतो. खिडकीचे तावदान फुटून उजव्या कोपराच्या थोडे खाली, हाताच्या मागच्या बाजूस खोल जखम झाली. तीत बोटे उघडणारे स्नायू कापले गेले आणि त्यांना चालवणारी पोस्टिरियर इंटरऑसिअस नसही तुटली. मनगट वर उचलता येत होते, पण उचलताना ते अंगठ्याच्या बाजूला झुके. स्पर्शज्ञान शाबूत होते. बोटांची पेरेही सरळ होत, कारण ते काम तळहातातले छोटे स्नायू करतात. बंद पडले होते ते बोटे मुळापासून उचलणे आणि अंगठा बाहेर नेणे. परिणामी, पाहणाऱ्याला हातात काही बिघाड दिसत नसे आणि मला मात्र पाण्याचा पेला धरण्याइतकी मूठ उघडता येत नसे.

नस आणि स्नायू जखमेच्या वेळीच शिवले होते. शिवलेली नस दिवसाला साधारण १ मिमी पुढे वाढते, या हिशेबाने काही महिने वाट पाहणे रास्तच होते. त्या काळात दुकानदाराने गळ्यात मारलेला तयार स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) हा शुद्ध वाया गेलेला खर्च, कारण तो मनगट उचलून धरणारा होता आणि माझे मनगट पडलेलेच नव्हते. बोटांना मुळाशी रबरबँडने वर ओढणारा स्प्लिंट थेरपिस्टकडून मापाने करून घ्यावा. त्याचे रबरबँड वरचेवर तुटतात. मी पतसंस्थेत नोटांच्या बंडलांना लावतो तेच वापरले आणि काही फरक पडला नाही.

ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, सुधारणा दिसेना. नसेविना १२ ते १८ महिने राहिलेला स्नायू पुढे नस पोहोचली तरी सहसा कामाचा उरत नाही आणि माझ्या स्नायूंत तर जखमेचा व्रणच जास्त होता. त्यामुळे ट्रान्सफरचा निर्णय झाला. मनगट तळहाताकडे वाकवणाऱ्या स्नायूंपैकी अंगठ्याच्या बाजूचा, म्हणजे फ्लेक्सर कार्पी रेडियालिस, चारही बोटांच्या टेंडनांना एकत्र जोडला आणि पामारिस लाँगस अंगठ्याला दिला. करंगळीच्या बाजूचा स्नायू सर्जनांनी मुद्दाम राखला. तो काढला असता तर आधीच झुकणारे मनगट आणखी अंगठ्याकडे ओढले गेले असते. पामारिस लाँगस काही जणांना जन्मतःच नसतो. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवले की मनगटाच्या मधोमध जी दोरी उठून दिसते, ती हीच.

सुमारे चार आठवड्यांनी प्लास्टर निघाले. सुरुवातीला बोटे उघडण्यासाठी मनात ‘मनगट वाकव’ असा हुकूम द्यावा लागे, कारण मेंदूच्या लेखी तो स्नायू अजून मनगटाचाच होता. हा हुकूम कधी गळून पडला ते कळलेही नाही. कुलपाची किल्ली, जेवणाचा घास, संगणकाचा माउस या सगळ्यांत हात आता विचार न करता उघडतो. अंगठ्याविषयी माझी एकही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या ब्रेकची. मोटारसायकलच्या हँडलवर उजवे मनगट वर उचललेल्या स्थितीत असते आणि त्याच स्थितीत बोटे पसरून लिव्हरपर्यंत न्यावी लागतात. मनगटाच्या स्नायूचे टेंडन साधारण ३३ मिमी सरकते, तर बोटे पूर्ण उघडण्यासाठी सुमारे ५० मिमी लागतात. उरलेली तूट शरीर मनगट वाकवून भरून काढते, म्हणून टेबलावर माझा पंजा छान उघडतो आणि हँडलवर अर्धवटच. त्यात चारही बोटे एकाच स्नायूला बांधलेली असल्याने ती उघडतातही एकत्रच. दोन बोटे ब्रेकवर आणि दोन थ्रॉटलवर, ही अनेक चालकांची रोजची पकड माझ्यासाठी संपली. कॅरममध्ये तर्जनीने स्ट्रायकर मारणेही संपले, पण कॅरमवाचून अडत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मला पकडीची ताकद, व्रण, संसर्ग, टेंडन सुटण्याचा धोका हे सारे समजावण्यात आले. मनगट वर असताना बोटे किती उघडतील आणि वेगवेगळी उचलतील का, हे मात्र कोणीही सांगितले नाही. मी दुचाकीने कामावर जातो हे केसपेपरवर लिहिलेले होते.

विमा कंपनीचा अनुभवही येथेच नोंदवतो. शस्त्रक्रिया करणारा विभाग प्लास्टिक सर्जरीचा, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळला गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकलेली बोटे टेंडन हलवून कामाला लावली, त्याला पाऊण शतक होऊन गेले. त्याच देशात या शस्त्रक्रियेला सौंदर्योपचार म्हणावे, याचा संताप आला. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित अपवादांतील, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या खर्चांच्या यादीतील, प्लास्टिक सर्जरीविषयीच्या आठव्या कलमातच अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळलेली आहे, म्हणजे तिला हा अपवाद लागू होत नाही. हे कलम आणि पहिल्या जखमेचे डिस्चार्ज कार्ड जोडून तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हेही त्यात लिहिले. रक्कम मिळाली. फिजिओथेरपीची मात्र बहुतांश खिशातूनच गेली, कारण माझ्या पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपुरता होता आणि त्यातले जवळपास निम्मे दिवस हात प्लास्टरमध्ये होता. थेरपी खरी सुरू होते तेव्हा पॉलिसीतली ही मुदत संपत आलेली असते.

येथवरचा मजकूर शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी लिहून ठेवला होता आणि तेव्हा माझे मत होते की वाहन चालवणाऱ्याने ही शस्त्रक्रिया दहादा विचार करून करावी. ते मत आता मागे घेतो. गॅरेजवाल्याने ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर खाली झुकवला, त्यामुळे मनगट बरेचसे सरळ राहते आणि बोटे लिव्हरपर्यंत पोहोचतात. त्याने पैसेही घेतले नाहीत. मनगट सरळ ठेवून बोटे उघडण्याच्या व्यायामानेही थोडा फरक पडला. चारही बोटे एकत्र उघडण्याचा दोष मात्र जोडणीतच आहे, तो सरावाने जाणार नाही. त्यावर उपाय हाताबाहेर शोधावा लागला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले आणि कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरमध्ये डाव्या लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. माझी मोटारसायकल त्याआधीची असल्याने तिचा पुढचा ब्रेक फक्त उजव्या हाताचा. आता नंतरच्या वर्षांतली जुनी स्कूटर घेतली आहे. उजवा हात थ्रॉटल सांभाळतो, डावा ब्रेक.

कोणी हीच शस्त्रक्रिया करून घेणार असेल तर त्याने आपल्या रोजच्या कामातली एक हालचाल सर्जनांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावी आणि ती नंतर जमेल का, असे स्पष्ट विचारावे. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा किंवा टायपिस्टचा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड ठरेल. मोटारसायकल विकायला काढली आहे. इंजिन उत्तम आहे, तरी जो येतो तो झुकलेला ब्रेक लिव्हर दाखवून भाव पाडतो.