रूटमधले वेट आणि असमान बिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

रूट म्हणजे कणभौतिकीत डेटा तपासायला वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या हिस्टोग्रामची (किमतींचे गट, म्हणजे बिन, पाडून प्रत्येकातली मोजणी दाखवणारा आलेख) ओळख बहुतेकांना एकाच ओळीत होते: ‘फिल’ म्हटलं की भरला. घटनांना (कणांच्या टकरींच्या नोंदींना) वेट, म्हणजे मोजतानाचं वजन, नसेल आणि सगळे बिन सारख्या रुंदीचे असतील, तर तेवढं पुरतंही. माझं काम मात्र सिम्युलेशनचं. प्रत्येक घटनेचं वेट वेगळं, आणि ट्रान्सव्हर्स मोमेंटमचं (कणाच्या आडव्या दिशेतल्या संवेगाचं) वितरण असं की सुरुवातीला झुंबड आणि शेपटीला शुकशुकाट. सारखे बिन घेतले की शेपटीत एखाद-दुसरी घटना इकडेतिकडे पडलेली दिसते, म्हणून बिन पुढे पुढे रुंद करत न्यावे लागतात. काही महिने हेच करून माझं मत असं झालं आहे: वेटचा हिशोब रूट चोख ठेवतं, रुंदीचा मात्र तुमच्यावर सोडून मोकळं होतं.

आधी वेट. ‘फिल’ला दुसरा आकडा दिला की बिनमध्ये एकऐवजी तेवढी भर पडते. खरा मुद्दा एररचा, म्हणजे आकड्यातल्या अनिश्चिततेचा. समजा एका बिनमध्ये प्रत्येकी २५ वेटच्या चारच घटना आल्या. बेरीज १००. वेटकडे न पाहता वर्गमूळ काढलं तर एरर १०, म्हणजे दहा टक्के, दिसायला झकास. पण हातात घटना चारच आहेत. वेटच्या वर्गांची बेरीज २५००, तिचं वर्गमूळ ५०. खरा एरर पन्नास टक्के! ही वर्गांची बेरीज साठवायची सोय म्हणजे ‘सम-डब्ल्यू-टू’. रूट ६ मध्ये एकपेक्षा वेगळं वेट दिसताच ती आपोआप चालू होते, तरीही स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘सेट-डिफॉल्ट-सम-डब्ल्यू-टू’ लिहून टाकणं मला बरं वाटतं. वेट न देता भरलेला हिस्टोग्राम पुढे ‘स्केल’ होतो, म्हणजे एका आकड्याने गुणला जातो, तेव्हाही एररचा माग नीट राहतो, आणि कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो.

ऋण वेट असतील तर हे आणखी बोचतं. नेक्स्ट-टू-लीडिंग ऑर्डरच्या, म्हणजे अधिक अचूक गणिताच्या, काही जनरेटरांतून (घटना तयार करणाऱ्या प्रोग्रामांतून) अशा घटना येतातच. ६० घटना अधिक एकच्या आणि ४० उणे एकच्या असल्या, तर बिनमध्ये उरतात २०, एरर १०. ‘गेट-इफेक्टिव्ह-एन्ट्रीज’ (वेट नसलेल्या किती घटनांइतकं हे मोलाचं) विचारलं तर उत्तर येतं ४. शंभर घटना तयार करायला लागलेला वेळ आठवून जीव हळहळतो, पण आकडा खराच आहे. चित्राच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘एन्ट्रीज’ म्हणून जे छापून येतं ते निव्वळ ‘फिल’ किती वेळा झालं त्याची मोजदाद असते, वेटची बेरीज नव्हे. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

एक सल्ला विनाअट: रूटच्या हिस्टोग्राम-प्रकारांपैकी टीएच१एफ वापरू नका, टीएच१डी घ्या. एफमध्ये ३२ बिटांचा फ्लोट (मर्यादित अचूकतेचा दशांश आकडा) असतो. एकेक करत भरलेला बिन १,६७,७७,२१६ वर पोचला की पुढची भर गिळली जाते आणि आकडा तिथेच अडतो. वाचणाऱ्या मेमरीसाठी एवढी जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

आता रुंदी. कडांची यादी द्यायची. कडा बिनपेक्षा एकाने जास्त आणि चढत्या क्रमात. क्रम चुकला तर रूट ओरडतं. साधा सी-अ‍ॅरे आखूड पडला तर मात्र गुपचूप पलीकडची मेमरी वाचतं, म्हणून व्हेक्टर (स्वतःची लांबी सांगणारी यादी) घेऊन बिनची संख्या त्याच्या लांबीवरूनच काढावी. योग्य बिन शोधायला इथे बायनरी सर्च लागतो, पण काही डझन बिनांना तो वेळ जाणवत नाही.

माझी मुख्य तक्रार पुढे आहे. कडा ०, १०, २०, ४०, १०० आणि बिनमध्ये ५००, ३००, २४०, १२० असं समजू. तसंच काढलं तर तिसरा बिन दुसऱ्याच्या जवळपास दिसतो. ‘स्केल’ला ‘विड्थ’ हा पर्याय दिला की रुंदीने भागून ५०, ३०, १२, २ मिळतात आणि खरा उतार दिसतो. एररही सोबत भागले जातात. इथवर उत्तम. पण आपण भागले गेलो आहोत, हे हिस्टोग्राम लक्षात ठेवत नाही. तीच ओळ दोनदा चालली तर दोनदा भागाकार, तक्रार शून्य. भागल्यावर ‘रीबिन’ केलं, म्हणजे शेजारचे बिन जोडले, तर आणखी वाईट: शेवटचे दोन बिन जोडताना ते १२ आणि २ मिळवून १४ देतं. बरोबर उत्तर ३६० भागिले ८०, म्हणजे ४.५. त्यामुळे फाइलमध्ये नेहमी न भागलेला हिस्टोग्राम जातो, आणि चित्र काढायच्या क्षणी ‘क्लोन’ करून त्यालाच भागायचं. उभ्या अक्षावर ‘घटना प्रति जीईव्ही’ (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) लिहिणं ही त्याचीच दुसरी बाजू.

‘रीबिन’च्या बाबतीत एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. नव्या कडा जुन्या कडांवर बसत नसतील तर ते स्पष्ट इशारा देतं. म्हणून मी आधी बारीक, सारखे बिन भरते आणि असमान कडा नंतर ठरवते.

सरासरीचीही गंमत आहे. ती भरतानाच्या मूळ किमतींवरून निघते, त्यामुळे बिन रुंद असले तरी बिघडत नाही. पण अक्षाचा पल्ला कमी केला की ती बिनच्या मध्यांवरून काढली जाते, आणि रुंद शेपटीत आकडा उडी मारतो.

पडताळणीसाठी नमपाय (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) लावलं तर दोन फरक ध्यानात असू द्या. त्याचा शेवटचा बिन उजवी कड स्वतःत धरतो. रूटमध्ये नेमकी १०० किंमत ओव्हरफ्लोमध्ये (शेवटच्या कडेपलीकडच्या किमतींच्या वेगळ्या बिनमध्ये) जाते. शिवाय नमपाय एरर देत नाही, वेटचे वर्ग घेऊन पुन्हा भरावं लागतं. पायथनमधल्याच बूस्ट-हिस्टोग्राम या लायब्ररीचं वागणं मला अधिक प्रामाणिक वाटलं. ‘वेट’ प्रकारचा साठा निवडला तर बेरीज आणि व्हेरियन्स (एररचा वर्ग) दोन्ही मिळतात; साध्या साठ्यात वेट भरून व्हेरियन्स मागितला तर ते खोटा आकडा न देता ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) परत करतं. निव्वळ पायथनमध्ये काम असेल तर मी आज तेच सुचवेन. जुन्या सी++ कोडचा आणि रूट फाइलींचा ढीग सांभाळायचा असेल तर रूटला पर्याय नाही, आणि तिथे ‘आरडेटाफ्रेम’मधून (रूटचीच, डेटा स्तंभांच्या तक्त्यासारखा हाताळायची सोय) भरणं सुखाचं: किमतीचा स्तंभ, वेटचा स्तंभ, कडा, बस्स.

ओव्हरफ्लो मात्र दरवेळी उघडून बघा. ‘नॅन’ (आकडाच नसलेल्या) किमतीही तिथेच जाऊन बसतात, आणि वेट मोठं असेल तर शेवटच्या रुंद बिनपेक्षा तिथेच जास्त साठलेलं सापडतं.