हिरव्या रंगाखालची पिवळी रिंग

परभणीत माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. गंगाखेडकडच्या एका गावात हरिनाम सप्ताह होता, त्यांच्या ॲम्प्लिफायरला एसएमपीएस, म्हणजे वेगानं चालू-बंद होणारा हलका पॉवर सप्लाय, बनवून द्यायचा शब्द दिला होता. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी ४० मिलिमीटरच्या फेराइट (काळ्या चुंबकीय सिरॅमिकच्या) रिंगा व्हॉट्सॲपवर एका विक्रेत्याकडून मागवल्या. फोटोत काळ्या होत्या, पार्सलमधून हिरव्या निघाल्या. "कोटिंग आहे भाऊ, वायर सोलत नाही त्यानं." पटलं. फेराइटवर कोटिंग असतं बऱ्याचदा.

प्रायमरीचे, म्हणजे वीज आत येते त्या बाजूच्या तारेचे, ४० वेढे. ५० किलोहर्ट्झला करंट तारेच्या वरच्या ०.३ मिलिमीटरमधूनच वाहतो, म्हणून ०.४ च्या चार तारा पिळून घेतल्या. रिंगेच्या भोकातून प्रत्येक वेढा हातानंच ओवावा लागतो, बोटं सोलली. सिरीज बोर्डावर, म्हणजे लाइनमध्ये बल्ब जोडून, लावलं तर काही लोड नसताना बल्ब लख्ख, म्हणजे करंट भलताच ओढतोय! विक्रेत्याला फोन केला. "वेढे शॉर्ट झाले असतील, वाइंडिंग नीट करा."

आणि मी मान्य केलं. वीस वर्षं हात चाललाय, तरी चूक आपलीच असेल असं वाटलं. सगळं उकललं, नवी टेप, पुन्हा ४० वेढे. बल्ब तसाच. सप्ताह तोंडावर आलेला. वैतागून बल्ब काढून थेट लाइन दिली, तर दोन्ही मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, फाटकन उडाले.

मग ब्लेडनं रिंग खरवडली. हिरव्याखाली पिवळा, एका बाजूला पांढरा. लोखंडी भुकटीची रिंग! कॉम्प्युटर सप्लायच्या चोकमध्ये असते तीच जात. तिची पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता, ७५, पॉवर फेराइटची दोन हजारांच्या घरात. १६० व्होल्टला ४० वेढ्यांवर नुसता मॅग्नेटायझिंग करंटच, म्हणजे रिंग चुंबकित करण्यातच जाणारा, पाच अँपिअरपर्यंत चढतो. मॉसफेट बिचारे काय करणार?

माल घेताना दुकानातच दहा वेढे टाकून एलसीआर मीटर लावून इंडक्टन्स मोजायचा. या मापाच्या फेराइटला तीनशेच्या आसपास मायक्रोहेन्री दिसायला हवेत. माझ्या रिंगेला दहा दिसले. दोन मिनिटांचं काम, पण मी ते मॉसफेट उडाल्यावर केलं.

विक्रेत्याकडे पैसे मागितले तर म्हणाला, "वापरलेला माल परत होत नाही." न वापरलेल्या सतरा रिंगांबद्दल विचारलं, तेव्हापासून फोन उचलत नाही. सप्ताह मी जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवून काढून दिला. विक्रेत्याच्या स्टेटसला मात्र परवापर्यंत तोच काळ्या रिंगेचा फोटो होता.