ऑफिसला स्वतःचा सुगंध हवा? उदबत्ती, काड्यांची बाटली की मशीन

वकील आणि सीए यांना मनासारखी जाहिरात करता येत नाही. बार काउन्सिलच्या नियम ३६ मध्ये तर पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी असं लिहिलंय, आणि सीएंना १९४९ चा कायदा बांधून ठेवतो. मग ओळख निर्माण करायला उरतं काय? अशील आत आल्यावर त्याला जे दिसतं, ऐकू येतं आणि ज्याचा वास येतो ते. त्यामुळे मुंबईच्या बीकेसीपासून ठाण्यापर्यंत अनेक फर्म्सच्या मनात सध्या ‘सिग्नेचर सेंट’, म्हणजे फर्मचा स्वतःचा ठरलेला सुगंध, घोळतोय.

कल्पना पोकळ नाही. इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. गंध तो नाका टाळून थेट भावना आणि आठवणींच्या शेजारी पोचतो. सिंगापूर एअरलाइन्सने कित्येक वर्षांपूर्वीच विमानात स्वतःचा सुगंध आणला, वेस्टिन हॉटेलांचा ‘व्हाइट टी’ प्रसिद्ध आहे. पण हॉटेलात माणूस आराम विकत घ्यायला जातो. तुमच्याकडे तो हातात इन्कम टॅक्सची नोटीस घेऊन येतो. त्याला स्पासारखा वास आला तर पहिली शंका फीची येईल.

आधी एक नावडती गोष्ट. तुमच्या ऑफिसला वास आहेच. फोर्टातल्या जुन्या इमारतीत जुन्या फायलींचा, जुलै-ऑगस्टमध्ये कुबट भिंतींचा, एसीच्या तुंबलेल्या पाइपाचा. त्यावर चंदन शिंपडलं की चंदन आणि कुबटपणा मिळून तिसराच, जास्त वाईट वास तयार होतो. एसीची सफाई आणि गळती बंद करणं हा खर्च सुगंधाच्या बजेटमध्ये धरू नका. तो आधीचा आहे.

उदबत्ती सगळ्यात स्वस्त, आणि सकाळच्या पूजेमुळे बहुतेक ऑफिसांत ती लागतेच. पूजा चालू राहू द्या, पण तिला ब्रँडिंग म्हणू नका. बंद एसी केबिनमध्ये धुराचे सूक्ष्म कण साचतात, दमेकऱ्याला त्रास होतो, स्मोक डिटेक्टरही बोंबलू शकतो. शिवाय पुडा आणायला जो जाईल त्याच्या मर्जीने दर महिन्याला सुगंध बदलतो. पाणी घालून वाफ सोडणारे छोटे डिफ्युझर तर मुंबईत विचारातही घेऊ नयेत. पावसाळ्यात हवेत आणखी ओल कशाला?

खरी स्पर्धा उरते ती काड्यांची बाटली, म्हणजे रीड डिफ्युझर, आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडणारं कोल्ड-एअर मशीन यांच्यात.

बाटलीला वीज नको, आवाज नाही, कंत्राट नाही. शंभर-दीडशे चौरस फुटांच्या रिसेप्शनला एक पुरते. पण तिच्यावर ताबा राहत नाही: एसी जोरात असला की सुगंध लवकर उडतो, रविवारी बंद ऑफिसात साचतो, आणि लिंबूवर्गीय हलके गंध आधी निघून गेल्याने महिनाअखेरीचा वास पहिल्या दिवसासारखा राहत नाही. मोहम्मद अली रोडवरून आणलेलं घट्ट अत्तर तिच्यात ओतून चालत नाही, कारण जाड तेल काड्यांवर नीट चढत नाही.

मशीनमध्ये वेळ आणि तीव्रता ठरवता येते, म्हणून सोमवार आणि शुक्रवार सारखे वाटतात. सेंट्रल एसीच्या डक्टला, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीला, ते जोडलं की पूर्ण मजला एकाच गंधाचा होतो. हाच त्याचा गुण आणि हाच धोका: मायग्रेनवाल्या कर्मचाऱ्याला पळायला जागा उरत नाही. आणि तुमच्याकडे स्प्लिट एसी असतील तर डक्टच नाही. तेव्हा विक्रेता डक्टचं मशीन गळ्यात मारत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

माझं मत स्पष्ट आहे. दहा-बारा माणसांच्या फर्मने बाटलीच घ्यावी, फक्त रिसेप्शनमध्ये. केबिन आणि कॉन्फरन्स रूम बिनवासाच्या. मशीन शोभतं ते पूर्ण मजला असलेल्या मोठ्या फर्मला, तेही लिफ्टसमोरच्या भागापुरतं.

गंध कोणता? तयार ‘व्हाइट टी’ घेतलात तर अशिलाला तुम्ही नाही, हॉटेल आठवेल. वाळा मला या कामाला सगळ्यात योग्य वाटतो: गार, कोरडा, गोड नाही, आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला न सांगता ओळखू येणारा. मोगरा सुरेख, पण बंद खोलीत लग्नाचा हॉल होतो. डेंटिस्टनी लवंगेच्या आसपास फिरकू नये. दातांच्या औषधांतल्या युजेनॉलचा वास तोच, पेशंट दारातच दचकेल. दमा, गरोदरपण किंवा केमोथेरपीचे रुग्ण येत असतील तर सुगंध नकोच, स्वच्छ हवा हाच ब्रँड.

अस्सल ऊर्ध्वपातित तेल की प्रयोगशाळेतलं मिश्रण, हा प्रश्न भावनेचा करू नका. नैसर्गिक तेलाचा वास पिकागणिक थोडा बदलतो. वर्षानुवर्षं तोच हवा असेल तर मिश्रण बरं. पण आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना इफ्राच्या मर्यादा पाळल्याचं प्रमाणपत्र मागा. सुगंध खास बनवून घेत असाल तर फॉर्म्युला कोणाच्या मालकीचा हे करारात लिहून घ्या, नाहीतर तुमचाच वास शेजारच्या फर्मला विकला जाईल. ट्रेडमार्कच्या भरवशावर राहू नका. भारतात वासाचा अर्ज रजिस्ट्रीने पुढे नेला तो २०२५ मध्ये, जपानी कंपनीच्या टायरांना दिलेल्या गुलाबाच्या वासासाठी, आणि तिथेही तो वास कागदावर मांडायला शास्त्रज्ञांची मदत लागली.

तीव्रता ठरवताना स्टाफला विचारू नका. नाक काही मिनिटांत सरावतं, मग ‘वासच येत नाही’ म्हणत रोज एक काडी वाढते. कुरिअरवाल्याला किंवा पहिल्यांदा आलेल्या अशिलाला विचारा. त्याने आपणहून ‘छान वास येतोय’ म्हटलं तर वास जास्त झालाय, एक-दोन काड्या काढून ठेवा.